माझी आई अनामिक नव्हती

‘तू जरा खाली बस ना. सतरंजीवर. हातात सुई असू दे. लोक काही विचारतील, पण तू बोलू नकोस, जस्ट शिवत राहा. मी करते सगळं मॅनेज.’

ताई असं म्हणाल्या आणि मी बसले. बावन्न वर्षांची बाई. कार्डिफच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले, आज अख्खा वॉर्ड माझ्या हाताखाली आहे. माझ्या एका शब्दावर तरणे डॉक्टर धावतात. आणि लंडनच्या त्या चकचकीत हॉलमध्ये मी निमूटपणे मांडी घातली. अजून स्वतःचाच राग येतो.

मी मॉरिशसची. आमचा खापरपणजा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला गेला. बंदरावरच्या कारकुनाने त्याचं नुसतं नाव लिहून घेतलं, तेच पुढे आमचं आडनाव झालं. मराठी घरात टिकली होती, पुण्यात शिकायला गेले तेव्हा पक्की झाली. त्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, देशोदेशींची कला मांडली होती. मोठ्या देशांना दालनं, आमच्या बेटाला एक भिंत. पण त्या एका भिंतीवर माझ्या आईची गोधडी टांगली होती. सकाळपासून मी येईल त्याच्याकडे बघून हसत होते.

भिंत मांडायचं काम ताईंना मिळालं होतं. ताई मूळच्या पुण्याच्या, गेली तीस वर्षं लंडनजवळच्या मेडनहेडला. इथल्या मराठी लोकांत त्यांचा शब्द चालतो. मागच्या हिवाळ्यात त्या माझ्या घरी आल्या, पोटभर जेवल्या, गोधडी गालाला लावून बसल्या. आईने ती बाबांच्या मळ्यातल्या विजारी आणि स्वतःची लुगडी फाडून शिवली होती, आत साखरेच्या पोत्याचं कापड. ताईंचे डोळे भरून आले. ‘आजपासून तू माझी धाकटी बहीण,’ म्हणाल्या. मग तीनदा विचारलं, ‘पण हे आडनाव कुणात येतं गं? म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ मी म्हणाले, ‘ऊस तोडणारे.’ त्या हसल्या. मीही हसले. तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याकडे बाळंतिणीला गोधडी देतात ती तोंडी देतात. कागद करत नाहीत. ती धुऊन परत येते, एवढंच. लिहून मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी ताईंना तशीच दिली. जाताना त्यांनी विचारलं, ‘क्रेडिट कसं देऊ?’ मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘आमच्यात गोधडीवर नाव घालत नाहीत. खूप हात लागलेले असतात.’ माझी अक्कल तिथे गहाण पडली.

तर मी सतरंजीवर बसून एका चिंधीवर धावदोरा घालत होते. भिंत पाठीशी. पाहुणे हातात वाइनचे ग्लास घेऊन माझ्या डोक्यावरून बोलत होते. एका गोऱ्या बाईने ताईंना विचारलं, ‘डझ शी स्पीक इंग्लिश?’

ताई म्हणाल्या, ‘अ लिटल. शी इज व्हेरी शाय.’

माझ्या कानांत शिशाचा रस ओतल्यासारखं झालं. तरी मी टाके घालत राहिले. मग त्याच बाईने पाटी मोठ्याने वाचली. संकल्पना आणि निर्मिती, त्यापुढे ताईंचं नाव. खाली, ‘ऊसमळ्यातल्या अनामिक स्त्रियांच्या परंपरेतून.’

मी वळून पाहिलं. सकाळी ही पाटी लागलेली नव्हती; आता खरंच तसंच लिहिलं होतं.

मी उठले. गुडघ्यांत कळ आली. ताईंना बाजूला घेऊन विचारलं, ‘हे काय आहे?’

‘अगं, तूच म्हणालीस ना, तुमच्यात नाव घालत नाहीत? इट वॉज युवर आयडिया.’

‘मग तुमचं कसं घातलंत?’

‘कोणाचं तरी लागतं फॉर्मवर. आणि खरं सांगू? इथे नाव दिलं की लोकांना हॉबी वाटते. नाव नसलं की हेरिटेज वाटतं. मी तुमच्या भल्यासाठीच केलं गं. प्लीज, आता सीन नको करूस. तुझ्या कंट्रीचं ओपनिंग आहे.’

‘माझ्याच कंट्रीचं आहे, ताई. म्हणूनच करतेय.’

मी त्या गोऱ्या बाईकडे वळले. इंग्लिशमध्ये बोलले, वॉर्डात बोलते तशी, खणखणीत. म्हटलं, ही गोधडी पार्वतीने शिवली. पार्वती माझी आई. मळ्यावरचा सरदार, म्हणजे मुकादम, रोज पहाटे हजेरी घेताना तिच्या नावाने ओरडायचा. ऊस तोडून घ्यायला तिला नाव होतं. इथे पोचेपर्यंत ते गळून पडलं. कुणी पाडलं ते या ताईंना विचारा.

 ताई पांढऱ्याफटक पडल्या. मी गोधडीला हात घातला तेव्हा गार्ड आला. अदबीने म्हणाला, कागदावर मालक म्हणून ताईंचं नाव आहे, वस्तू उतरवता येणार नाही. माझ्या आईच्या गोधडीला मला हात लावायची परवानगी नव्हती. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि ढसाढसा रडले. गोऱ्यांसाठी नाही. ते मला ओळखत नव्हते. ही माझ्या ताटात जेवली होती.

दोन दिवसांनी ताईंचा मेसेज आला. ‘आपण मराठी माणसं. घरातली गोष्ट घरातच मिटवू.’ मी आयोजकांना लेखी तक्रार दिली. आई गोधडी शिवत बसली आहे असा एक फोटो घरी होता, तो जोडला.

मग आमच्या बेटाच्या सरकारचा एक साहेब फोनवर आला. गोड माणूस. म्हणाला, सिस्टर, पाटीखाली छोटं कार्ड लावू, विशेष आभार म्हणून आईंचं नाव टाकू. बेटाला पहिल्यांदा भिंत मिळाली आहे, तिच्यावर डाग नको.

विशेष आभार. जिने शिवली तिचे.

सोमवारी मला बोलावलंय. ताई असतील, साहेब असेल, चहा असेल. सगळे मला समजूतदार म्हणतील. मी आजवर फार समजूतदार होते. आता निर्मितीपुढे पार्वती लिहायचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि ताईंचं नाव खोडायचं. नाहीतर गोधडी उतरवून माझ्या हातात द्यायची. मग माझ्या देशाची भिंत जगाला रिकामी दिसेल.

दिसू दे.