पाठमोरं उभं राहून बघ

प्रमिलाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या मूत्रविकारांच्या दवाखान्यात एका पेशंटचा विम्याचा अर्ज भरत होतो. ताईंच्या डाव्या हाताचं टेबल माझं, नऊ वर्षं. त्या निवृत्त होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. फोन ठेवला आणि सवयीनं अर्ज तपासायला घेतला... आजाराचा कोड, ऑपरेशनचा कोड, बाजू. मग रडलो.

लोकांना वाटतं, दवाखान्याचं बिल करणं म्हणजे कॅल्क्युलेटर बडवणं. ताईंचं काम निराळं होतं. डॉक्टरांनी जे केलं तेच, आणि तेवढंच, कोडांत उतरवायचं. खडा मूत्रपिंडात होता की खाली नळीत, एवढ्यावर कोड बदलतो. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर ताई अंदाज करत नसत, थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. आल्या परीक्षक, असं म्हणत मोठे डॉक्टर लगेच वाचून दाखवत.

नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट, मी सहा आठवड्यांचा नवा आणि अतिशहाणा. कन्नड तालुक्यातल्या एका मावशींचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. एक्स-रेत मला खडा डावीकडं दिसला. अर्जात ‘डावी’ लिहून मी मोकळा. घरी सोडायच्या दिवशी विमा कंपनीनं कागद परत धाडले. ऑपरेशनच्या नोंदीत उजवी, अर्जात डावी, मंजुरी अडकली. मावशी पिशवी भरून बाकावर बसलेल्या, एसटी चुकायची धास्ती त्यांना, नोकरी जायची मला. मी ताईंना हळूच सुचवलं, डॉक्टरांच्याच नोंदीत डावी करून घेऊ, विषय मिटेल.

ताईंनी चष्मा काढला. “कागदाला कागद जुळवायचा नाय, सचिन. कागद माणसाला जुळवायचा. उद्या दुसरा डॉक्टर तुझं वाचून हिच्या चांगल्या मूत्रपिंडाला हात घालील.”

मग मला मावशींच्या मागं, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभं केलं. दुखायचं तिथं हात ठेवा म्हणाल्या मावशींना, आणि मला त्याच बाजूला माझ्या कमरेवर. मावशींचा हात उजव्या कमरेवर गेला, माझाही उजवीकडंच. एक्स-रे आपण समोरून बघतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. ताईंनी डॉक्टरांकडून खात्री करून घेतली, अर्जात उजवी करून दुरुस्तीचं कारण लिहिलं आणि फोनवर कंपनीचा पिच्छा पुरवला. मावशींना एसटी मिळाली. लई गोल फिरवलं बाबा मला, असं म्हणत त्या हसत गेल्या. माझ्या चुकीचा विषय ताईंनी पुन्हा कधी काढला नाही. फक्त बाजू लिहायच्या आधी मला खुर्चीतून उठवून पाठमोरं उभं करायच्या, आणि सगळा दवाखाना हसायचा. मला लाज वाटायची, पण त्यानंतर माझी बाजू एकदाही चुकली नाही.

परवा त्यांच्या घरी, त्यांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या वंदनेला गेलो. मोठा फोटो मांडला होता, हार घातला होता, आणि मला काहीतरी खटकत होतं. गालावरचा तीळ... सगळ्यांसमोर मी फोटोकडं पाठ करून उभा राहिलो आणि फोटोत तीळ होता त्या बाजूच्या माझ्या गालाला हात लावला. उजवा! नऊ वर्षं शेजारी बसून बघितलेला तीळ डाव्या गालावर होता. पाहुणे माझ्याकडं बघत राहिले. ताईंच्या भाचीला विचारलं, तर मोबाइलवर ताईंनी स्वतःच काढलेला फोटो, आरशासारखा उलटा आलेला.

मी तो घेऊन फोटोच्या दुकानात गेलो, सरळ करून आणला, तीळ जागेवर आला. भाची म्हणाली, “दादा, कुणाच्या लक्षात आलं असतं?”

म्हटलं, “ताईंच्या.”