रेशनकार्ड आणि सेंटर हाफ

त्या रविवारी आमच्या सांडोर गावच्या मैदानावर माझ्या बाबांनी स्वतःच्याच टीमला हरवलं... आणि तेही मैदानाबाहेर उभं राहून.

मी चौथीत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाताळ आटोपला की आमच्याकडे गावागावांची हॉकी टुर्नामेंट असायची, आणि तिच्यात मुलींच्याही टीम असायच्या.

बाबांची केळीची वाडी होती, पण जीव हॉकीत. गावाची टीम निवडणाऱ्या कमिटीत ते होते. जेवण झालं की ओट्यावर वालाचे अकरा दाणे मांडायचे आणि टीम लावत बसायचे... हिला पुढे घे, तिला बसव. मधला सगळ्यात टपोरा दाणा म्हणजे सेंटर हाफ. माझी मालूआत्या, बाबांची धाकटी बहीण.

आत्याचा खेळ सुरेख, पण एक खोड होती. बॉल मिळाला की तिला उजवी बाजूच दिसायची. म्हणून बाबा रेषेबाहेर उभे राहून मॅचभर एकच ओरडायचे, "मालू, डावीकडे!" गावातली पोरं त्यांची नक्कल करायची.

त्या मॅचच्या आधीच्या वैशाखात आत्याचं लग्न झालं. सासर माणिकपूर.

आता आमच्या टुर्नामेंटचा नियम असा, की ज्या गावच्या रेशनकार्डावर नाव, त्या गावाकडून खेळायचं. एका वर्षी एका गावाने मुंबईहून खेळाडू आणले होते, तेव्हा बाबांनीच भांडून हा नियम करून घेतला होता. आणि लग्नानंतर आत्याचं नाव आमच्या कार्डावरून कमी करून आणलं तेही बाबांनीच...

कमिटीतले फ्रान्सिसकाका, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांना सारखे डिवचायचे. "भाऊ, सेंटर हाफ दिलीस ती दिलीस, बदल्यात त्यांची गोलकीपर तरी मागून घ्यायची!"

बाबा हसायचे नाहीत. ओट्यावर दहा दाणे मांडायचे आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचे.

पण खरी भीती वेगळीच होती. तेव्हा लग्न झालेली मुलगी सहसा खेळतच नसे. तिची स्टिक माहेरी दारामागे उभी राहायची, आणि पुढे कधीतरी कुणीतरी त्या स्टिकने चिंचा पाडायचं.

आत्या मात्र दिवाळीला आली आणि जाताना स्टिक घेऊन गेली. सोडायला आलेल्या बाबांना तिच्या सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं. "एक मॅच खेळू दे. जमलं तर पुढचं बघू. चारचौघांत हसं झालं, तर स्टिक माळ्यावर."

आणि ती एक मॅच नेमकी आली आमच्याशी. सेमीफायनल, सांडोर विरुद्ध माणिकपूर.

आदल्या दिवशी बाबांनी आमच्या मुलींना जवळ बोलावून सांगितलं, "मालू उजवीकडेच देणार. तिथे दोघी उभ्या राहा." मी तिथेच होते. आत्याचं गुपित असं सगळ्यांना सांगून टाकलेलं मला अजिबात आवडलं नाही... पण कमिटीतला माणूस दुसरं काय करणार?

मॅचला आत्या सलवारीवर टीमचा टी-शर्ट घालून आली. हिरव्या बांगड्यांवर रुमाल घट्ट बांधलेला. पहिल्या हाफमध्ये तिने दिलेला प्रत्येक बॉल आमच्या मुलींनी अडवला. प्रत्येक. माणिकपूरच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "सूनबाई, पोळपाट देऊ का?" सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, नुसता पदर सारखा करत राहिल्या.

हाफटाइमला त्यांच्या मॅनेजरने दुसऱ्या एका मुलीला तयार राहायला सांगितलं. आत्या खाली मान घालून पाणी पीत होती. तिने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. बाबा मात्र तिच्याकडेच बघत होते... हातातली लिंबाची फोड तशीच.

दुसरा हाफही तसाच चालला होता. गोल कुणाचाच नाही. शेवटची काही मिनिटं उरली आणि बदलीची मुलगी रेषेवर येऊन उभी राहिली. तेवढ्यात बॉल आत्याकडे आला, आणि आत्याचे खांदे उजवीकडे वळले...

"मालू, डावीकडे!"

अख्ख्या मैदानाने तो आवाज ओळखला. आत्याने मान वर न करता बॉल डावीकडे ढकलला. तिकडे त्यांची मुलगी एकटीच होती, कारण आमच्या सगळ्या उजवीकडे! गोल.

आमच्या बाजूच्या सगळ्या माना बाबांकडे वळल्या. मग फ्रान्सिसकाका म्हणाले, "भाऊ, तुझंही नाव माणिकपूरच्या कार्डावर चढवलंस काय?"

"सवय रे... तोंडातून गेलं," बाबा म्हणाले.

मॅच संपली. आत्याच्या सासूबाई मैदान ओलांडून थेट आमच्याकडे येताना दिसल्या. मी बाबांचा हात धरला. त्या समोर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी फायनल आहे. ओरडायला याल ना?"

कमिटीने बाबांना वर्षभर घरी बसवलं. आत्याची स्टिक माळ्यावर गेली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती खेळली आणि नंतर माणिकपूरच्या मुलींना शिकवू लागली. त्या मुलींमध्ये दोघी-तिघी कडेवर पोर घेऊन यायच्या.

आजही टीव्हीवर हॉकी लागली की मी टीम निवडणाऱ्यांना मनसोक्त नावं ठेवते. हिला का बसवलं, तिला का खेळवलं... रक्तातच आहे. पण बाबांचं त्या दिवशी खरंच चुकून झालं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

एवढंच आठवतं, की त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी ओट्यावर वाल मांडले. मी मोजले. बावीस होते... आणि सगळ्यात टपोरा दाणा समोरच्या टीममध्ये, बरोबर मधोमध.