ओसरीचा उतार

आमच्या थोरलीला लहानपणी अंगणात सोडलं की ती नळाखालच्या ओघळाला मातीचे बांध घालत बसायची. फ्रॉक चिखलानं माखायचा, मी रागवायचे, आणि ती म्हणायची, "आई, पाणी पळून चाललंय, त्याला थांबवू नको?" पुढं शिकून ती वनखात्यात लागली, म्हणजे तेच काम पगारी करू लागली. आता ओघळाऐवजी अख्खी टेकडी आहे, आणि ती संध्याकाळी खाली उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

टेकडी आमच्या वस्तीच्या डोक्यावरच आहे. झाडं तुटली, गवत शेळ्यांनी मुळासकट ओरबाडलं, आणि मोठा पाऊस झाला की तिची लाल माती थेट आमच्या गल्लीत. थोरलीनं ठरवलं, उतारावर आडवे चर खणायचे आणि निघालेल्या मातीच्या बांधावर रोपं लावायची. पण रोपं जगायची तर शेळ्यांना वर बंदी हवी. शेळीवाल्या मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मग माझ्या शेळ्यांनी काय हवा खायची?"

"ओढ्याकाठी चरू देत, मावशी. वर गवत वाढलं की तुम्हीच कापून न्या."

"तुझ्या तोंडातलं गवत माझी शेळी खात नाही," मावशी म्हणाल्या. "एक मोठा पाऊस बघू. माती जागेवर राहिली तर शेळ्या ओढ्याला. गल्लीत आली तर टेकडी शेळ्यांची, मग तू तोंड उघडायचं नाही."

थोरलीनं हो म्हटलं.

चर सपाटच हवा, नाहीतर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथं घळ पडते. त्यासाठी तिच्याकडे एक लाकडी चौकट आहे: दोन लांब पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून लोंबणारा ओळंबा. त्याची दोरी पट्टीवरच्या खुणेला आली की दोन्ही पाय एका पातळीत. एका संध्याकाळी तिनं ती आमच्या ओसरीत आणून उभी केली आणि हातपाय धुवायला गेली. आमचे हे जन्मभर सुतार. दोरी खुणेच्या जरा बाजूला दिसली, ती त्यांना बघवेना. त्यांनी एका पायाला करवत लावली, दोरी बरोबर खुणेवर आणली आणि समाधानानं जेवायला बसले.

थोरली रोज काम सुरू करताना चौकटीचे पाय जागच्या जागी अदलाबदल करून दोरी पुन्हा खुणेवरच येते का ते तपासते. दुसऱ्या दिवशी ते मावशींशी हुज्जत घालण्यात राहून गेलं. मजुरांनी झपाट्यानं चर काढले. शेवटी तिनं एका चरात घागर ओतली, तर पाणी शिस्तीत एका टोकाकडे चालू लागलं.

संध्याकाळी ओसरीत येताच तिनं विचारलं, "बाबा, चौकटीला हात लावला होतात?"

"हात कसला, नीट करून दिली. दोरी चुकत होती."

"कुठं ठेवून बघितलीत?"

"इथंच, ओसरीत."

तिनं नुसतं खाली फरशीकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं. पाणी बाहेर जावं म्हणून ओसरीला उतार ह्यांनीच ठेवून घेतला होता. "अरेच्चा," एवढंच म्हणाले. मला हसू आवरेना, मग थोरलीलाही.

चौकटीला नवा पाय बसवून हे स्वतः चुकलेले चर नीट करायला फावडं घेऊन टेकडीवर गेले. मावशी दगडावर बसून होत्या; ओसरीचा किस्सा त्यांच्या कानावर गेलाच होता.

"सुतारदादा, ओसरी नाही का आणली?"

"बसल्या बसल्या बोलू नका, बाई. फावडं धरा."

मावशींनी खरंच धरलं. "स्वतःच्या हरण्याचा चर खणणारी मीच पहिली," म्हणत त्यांनी मजुरांच्या बरोबरीनं माती ओढली.

मग एका दुपारी आभाळ फुटलं. थोरली वरच होती. मी टॉवेल घेऊन दारात, नजर गल्लीवर. पाणी आलं, पण पातळ आणि गढुळसर, लाल नाही. डोक्यावर पोतं घेतलेल्या मावशींनी ओंजळीत धरून ते निरखलं.

तेवढ्यात थोरली आली, नखशिखांत चिखल. मी रागवायला तोंड उघडलं तर म्हणते, "आई, थांबलं पाणी."

पाऊस ओसरल्यावर मावशींनी शेळ्या सोडल्या आणि टेकडीची वाट सोडून ओढ्याकडे वळवल्या. जाताना ह्यांना ओरडून म्हणाल्या, "सुतारदादा, गवत वाढलं की विळ्याला मूठ तुम्हीच बसवा. पण ओसरीत नाही हं."