पुतळाबाईचे सात वाटे

सारसोळ्याच्या जेट्टीजवळ पुतळाबाई शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, विकते. मला घ्यायचा असतो एक वाटा, बोलायचं असतं तासभर. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याच्या होडीवरच्या सात जणांचे वाटे तीच लावायची. कोणाला एक मासळी कमी आली तर रुसवा ठरलेला, म्हणून उरेल ते शेजारच्या एकट्या बयाबाईच्या टोपलीत.

आता माझा पराक्रम ऐका. माझी पाचवीतली नात निशिगंधा वर्गात ९१ ही मूळ संख्या आहे असं सांगून आली. ते तिला मीच सांगितलं होतं. दोन, तीन, पाचने भाग जात नाही म्हटल्यावर मी हात झटकले होते. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ९१ आणि ९७ मूळ की संयुक्त ते कारणासकट दाखवायचं होतं, आणि ही म्हणे शाळेतच जाणार नाही. मी तिला घेऊन थेट जेट्टीवर.

"मूळ म्हंजे काय गो?" पुतळाबाईने विचारलं.

"सगळा ढीग एकालाच द्यायचा, नाहीतर एकेक वाटायची. मधे कुठेच सारखे वाटे पडत नाहीत."

पुतळाबाईने ९१ शिवल्या मोजून सात वाटे लावले. प्रत्येकात तेरा. "तुजा आजा पाचावर थांबला. होरीवर सात मानसं असतान, त्याला काय ठाव."

"बयाबाईला काहीच नाही उरलं," निशिगंधा म्हणाली. "म्हणजे संयुक्त."

मग आणखी सहा घालून ९७. दोनात एक उरली, तीनात एक, पाचात दोन, सातात सहा.

"आता अकरा वाटे करू?"

"कशाला? दहाच्या वर वाटे केलंस तर एकेकात दहाच्या आतच येनार. मंग तितकंच वाटे केलं असतं तरी सारखं पडलं असतं. दहाच्या आतलं बगून झालं ना?"

"चार, सहा, आठ, नऊ, दहा राहिले."

"दोनात, तीनात जात नाय ते त्यांच्यात कुठून जानार?"

मी साठ वर्षं हिशेब करतोय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी निशिगंधाने युनिफॉर्म स्वतःच चढवला. संध्याकाळी म्हणाली, "आजोबा, फळ्यावर मी टोपली काढली. बाईंनी विचारलं, बयाबाई कोण?"

"मग?"

"म्हटलं, मधे कितीही सारखे वाटे करा, जिच्यात बयाबाई उपाशी राहत नाही ती मूळ संख्या."

वर्ग पुन्हा हसला म्हणे. या वेळी तीही हसली.