मंजुळाचं नाव कमी केलं तो रविवार

महाडच्या मंडळीत सगळी मिळून बावीस ख्रिस्ती घरं. त्यांचे पाळक शांतवन लोखंडे शहात्तर सालच्या जूनमध्ये इथे बदलून आले आणि महिन्याभरातच त्यांच्याविषयी एक वाक्य गावात रुळलं: "पाळकसाहेबांच्या उपदेशात शास्त्र कमी, वर्तमानपत्र जास्त." वाक्य दत्ताराम कंपाउंडरांचं. ते मंडळीचे पंच. पहिल्या बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळात बघत उपदेश ऐकायचे.

शांतवन यावर हसत, कारण ते खरंच होतं. रोज सकाळी ते बाजारपेठेतून एस.टी. स्टँडपर्यंत चालत जात आणि वाटेत दिसलेलं रविवारी व्यासपीठावर येई. आणीबाणीत नसबंदीच्या जीपला भिऊन बाजाराला न उतरलेली डोंगरातली माणसं. निवडणुकीत एकाच भिंतीवर एकावर एक रंगवलेली तीन चिन्हं. बिरवाडीला कारखान्यात लागू या आशेनं एका खोलीत सहा-सहा जण राहणारी पोरं. वीस मार्चला चवदार तळ्यावर गर्दी जमली की ते साध्या सदऱ्यात तिथं जाऊन उभे राहत. कोणी "जय भीम" म्हटलं की तेही "जय भीम" म्हणत. मंडळीतल्या कुणाचा "सलाम" आला की "सलाम".

"साहेब, तुम्ही नक्की कुणाचे?" दत्ताराम विचारत.

"पाण्याला शिवायची बंदी माझ्या आजोबांनाही होतीच की, कंपाउंडर."

देव माणसाचं मन बघतो, मंडळीची नावांची वही बघत नाही, हे त्यांचं आवडतं मत. त्र्याऐंशी साली ते त्यांच्याच अंगावर आलं.

जुलैच्या शेवटी पोलादपूरहून काशीबाई पहिल्या गाडीनं आल्या. त्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. नवरा श्रीपत बौद्ध. तो वारल्यावर त्या मंडळीत आल्या होत्या. लेक मंजुळा बारा वर्षांची असताना शांतवननीच तिला बाप्तिस्मा दिला. आता बारावी होऊन ती डी.एड.ला लागली होती, बापाच्या जातीच्या दाखल्यावर, राखीव जागेत. ख्रिस्ती झालेल्याला ती जागा मिळत नसे. म्हणून घरोघर चालत आलेली रीत होती: उपासनेत एक नाव, कागदावर दुसरा धर्म. त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नसे.

पण कुणीतरी निनावी तक्रार केली होती आणि मंजुळाच्या जुन्या शाळेच्या फायलीत एक पत्र सापडलं होतं. ती नववीत असताना नाताळच्या आदल्या दिवशी चाचणी आली, तेव्हा शांतवननी मंडळीच्या छापील कागदावर, जरा तोऱ्यातच, हेडमास्तरांना लिहिलं होतं: 'कुमारी मंजुळा आमच्या मंडळीची सभासद असून तिला सणाची रजा मिळणे हा तिचा हक्क आहे.' आता अध्यापक विद्यालयानं पाळकाचाच खुलासा मागवला होता. मुदत पंधरा दिवस.

"ते पत्र तुमीच लिवलंत ना, बाबा?" काशीबाई उंबऱ्यातच बसल्या. "आता उलटं लिवा. ही आमची नाय म्हना. दोन वळी पुरं."

"खोटं कसं लिहू, काशीबाई?"

"तिच्या बापाची जात खरी हाय. दिराच्या गावात आमच्या वंजळीत पानी अजून वरून वततात, त्येबी खरं हाय. येवड्या खऱ्यात एक खोटं नाय खपत तुमच्या देवाला?"

पुढचे चार दिवस शांतवन लिहीत आणि फाडत राहिले. खरं लिहिलं तर पोरीची जागा जाणार. खोटं लिहिलं तर ज्या हातानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं, त्याच हातानं ते पुसायचं. सकाळचं चालणंही सुटलं.

पाचव्या दिवशी मंजुळा स्वतः आली. छत्री दाराबाहेर ठेवून उभीच राहिली.

"बाबा, तुम्हाला खोटं लिहिता येत नाही ना? मग ते खरं करा. माझं नाव कमी करा. रविवारी, रीतीप्रमाणे."

रीत अशी की नाव कमी करायचं ते उपासनेत वाचायचं आणि त्या माणसानं उभं राहून 'होय' म्हणायचं. शांतवनच्या सात वर्षांत ती वेळ कुणावर आली नव्हती.

"आणि तुझा विश्वास?"

"तो वहीत नसतो, असं तुम्हीच म्हणता." बोलताना तिनं वर बघितलं नाही.

हे वाक्य त्यांनी कितीदा तरी म्हटलं होतं आणि दर वेळी लोकांच्या चेहऱ्यावर हसू बघितलं होतं. आज त्यांनी कपाटातून नावांची वही काढली आणि टेबलावर ठेवली.

रविवारी पाऊस कौलांवर आपटत होता. शांतवननी नाव वाचलं. शेवटच्या बाकावरून मंजुळा उठली, 'होय' म्हणाली आणि बसली.

"नोकरीसाठी प्रभूला सोडलं म्हणा की," दत्ताराम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

बायकांच्या बाजूनं काशीबाई उठल्या. "तुमचा ल्योक बँकेत कंच्या दाखल्यावर लागला, कंपाउंडर? त्येबी सांगा की व्हो, बसल्या जागी!"

कुणी खोकलं, कुणी गीतपुस्तक उघडलं. दत्ताराम घड्याळ बघू लागले.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सभासदांनी भाकरीचा तुकडा वाटून खायचा. नाव कमी झालेल्याला ते देत नाहीत. शांतवननी भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरवलं आणि शेवटच्या बाकाशी आल्यावर ते मागे वळले नाहीत. ताट मंजुळासमोर धरलं. पंच बघत होते. त्यांना बघू दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मंजुळाचा हात थोडा वर आला. मग तिनं उघड्या दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात पावसासाठी थांबलेली दोन माणसं उभी होती, कोण कुठली कुणास ठाऊक.

"नको, बाबा," ती हळू म्हणाली. "बाहेर माणसं आहेत." आणि हात पदराखाली घेतला.

शेजारी बसलेल्या काशीबाईंनी आपला तुकडा घेतला. तो तोंडात न घालता तशाच बसून राहिल्या. शांतवन ताट घेऊन परत निघाले. मधल्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की सोमवारी लिहायच्या पत्रात आता खोटं असं काहीच उरलेलं नाही.