दादाच्या वर्गात मी नापास

माणूस गेला की त्याचे किस्से घरी येऊ लागतात. दादाला जाऊन दोन महिने झाले, अजून संध्याकाळी कोणी ना कोणी दारात उभा असतो. "गणूभाऊ, सर एकदा काय म्हणाले माहीत आहे का..." अर्धं ऐकून मी उठून बाहेर जातो. लोक समजून घेतात. जाताना मात्र प्रत्येकजण एकच सांगतो, "गेलेलं धरून बसू नको. गावी आईकडे जा." गंमत म्हणजे हे दादाचंच शिकवणं आहे. ते तेवढं माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. म्हणून आज मीच सांगतो, मधे उठायचं नाही असं ठरवून.

दादा नागपूरहून अर्थशास्त्रात बी. ए. झालेला. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा एका ठेकेदाराच्या ऑफिसात दिवसभर क्लार्क, आणि संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये मास्तर. धंदा करणाऱ्यांना तो अर्थशास्त्र शिकवायचा. मी चौथीत शाळा सोडलेला, लोखंड वर चढवणाऱ्या टोळीत दोर ओढणारा खलाशी. ड्यूटी सुटली की मागच्या बाकावर जाऊन बसायचो. समजायला नाही. दादाबरोबर घरी जायला.

*

एकदा खानावळवाल्या शामरावांकडे भंडाऱ्याहून संत्र्यांची टोपली आली. ते ती वर्गातच घेऊन आले. दादा खूश. एकच वस्तू खात गेलं की दर वेळी समाधान कमी होत जातं, हा त्या दिवशीचा धडा होता. फळ्यावर खाली उतरणारी रेघ आधीच काढून ठेवलेली.

"गण्या, समोर ये. खा."

मी खाल्लं.

"कसं लागलं?"

"मस्त!"

दुसरं दिलं. "आता?"

"पहिल्यासारखंच!"

तिसरं. चौथं. दादा विचारतोय, मी सालं टाकतोय. ड्यूटीवरून थेट आलेलो, सकाळपासून पोटात काही नव्हतं. "पहिल्यासारखंच!" वर्ग हसून लोळायला लागला. शामराव ओरडले, "सर, हा टोपली संपवते, पण तुमची रेघ काई खाली येत नाई!"

दादाने शांतपणे रेघ पुसली. म्हणाला, "नियम बरोबर आहे. आमच्या घरात लागू नाही."

*

शामरावांना रिसाली वस्तीकडे दुसरी खानावळ काढायची होती. दादाने विचारलं, "तिथं कोण बसेल?"

"मी."

"मग इथं?"

"बायको."

"आणि सध्या बायको जे करून राहिली, ते कोण करेल?"

शामरावांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "सर, तुमी धंदा शिकवता का घरी भांडण लावता?"

दादा म्हणाला, "एक घेतलं की दुसरं सुटतं, शामराव. काय सुटलं ते पाहायची सवय लागली पाहिजे, एवढंच."

त्यावर कोणीतरी मागून विचारलं, "सर, तुमी इथं आले. तुमचं काय सुटलं?" नागपूरच्या कॉलेजात नोकरी मिळत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. दादाने खडू खाली ठेवला. "ते कॉलेज सुटलं. तिथं गेलो असतो तर हा सुटला असता," असं म्हणून माझ्याकडे बोट केलं आणि पुढचा धडा सुरू केला.

*

मग अफवा उठली. बांधकाम संपत आलं, टोळ्या जाणार, बाजार बसणार. वर्गातल्या साहूजींचा विटांचा भट्टा होता. त्यांनी भट्टा बंद करायचं ठरवलं. दादा त्यांना म्हणाला, "तुमचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, साहूजी. भीतीनं सगळ्यांनीच हात आखडले, तर मंदी बाहेरून यायला नको. आपणच आणू."

दुसऱ्या संध्याकाळी साहूजी दुर्गच्या बाजारातून करकर वाजणारे नवे बूट घालून वर्गात आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, मंदी रोके बर बिसाय हंव!" मंदी थांबवायला घेतले म्हणे!

*

याच साहूजींनी भट्ट्याजवळ विहीर खोदायला घेतली होती. खाली काळा खडक लागला. तरी ते खोदतच होते. एवढं खोदलं, आता सोडायचं कसं?

दादा म्हणाला, "झालं ते गेलं. ते मोजूच नका. पुढं पाणी लागायची आशा आहे का, फक्त एवढंच विचारा. नसेल तर आज थांबा."

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. "दादा, ज्यानं एवढं खोदलं त्याचं काय?"

"त्याचं वाईट वाटते. पण खडकाले वाटत नाई."

"मंग असलं शिक्षण चुलीत घाल!" म्हणून मी पत्र्याचं दार आपटून निघून गेलो.

साहूजींनी विहीर सोडली. घरी ताटावर बसल्यावर दादा म्हणाला, "वर्गात सगळे पास झाले. तू एकटा नापास."

*

शेवटी दादाला पोटाच्या दुखण्यानं धरलं. अंग वाळत गेलं. दुर्गच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, पण दादाला ऐकू जातच होतं. "नागपूरला नेऊन उपयोग नाही. घरीच ठेवा."

दादाने मला जवळ बोलावलं. "गण्या, विहीर आठवते ना?"

मी वाकलो. त्याला पाठीवर घेतलं आणि तसाच सकाळच्या नागपूर पॅसेंजरमध्ये चढलो. शामराव वळकटी घेऊन मागे धावत होते.

डोंगरगडला दादाने डोळे उघडले. मग म्हणाला, "हे चुकीचं करून राहिला तू."

"असू दे."

"एवढं शिकवलं. काय शिकला?"

"काईच नाई."

तो हसला. कितीतरी दिवसांनी.

गोंदियाला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीशी संत्रीवाली आली. मी एक सोललं, शिरा काढून फोड त्याच्या ओठांशी धरली. ती त्याने हळूहळू चघळली. मी दुसरी धरली. त्याला गिळवत नव्हतं, तरी त्याने तोंड उघडलं. मग तिसरी.

"कसं लागलं?" मी विचारलं.

दादाने डोळे मिटले. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाला,

"पहिल्यासारखंच."