इंग्रजी येईपर्यंत

मी शिकवते त्या इंग्रजी शाळेत चौथीच्या वर्गात रुपाली नवीन आली, खेड्यातल्या मराठी शाळेतून. मधल्या सुट्टीतही तिची पाण्याची बाटली भरलेलीच दिसायची. एकदा मी जवळ बसून मराठीतच विचारलं, "तहान लागत नाही का गं?"

ती कुजबुजली, "लागते बाई. पण पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि ते इंग्रजीत कसं विचारायचं ते येत नाही."

"विचारू नकोस. नुसतं उठून जायचं," मी म्हटलं.

ती घटाघटा पाणी प्यायली. मी मात्र वर्गातल्या बाकीच्या गप्प चेहऱ्यांकडे बघत राहिले. शांत, गुणी म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यांतली किती मुलं काय काय अंगावर काढत असतील?